हाडाच्या पेशींत मायआर-२१० मोजताना वेळ कशी सांभाळावी

ऑक्सिजन कमी पडला की पेशीत हिफ-१ अल्फा हे प्रथिन साचतं आणि त्याच्या हुकमाने मायआर-२१० हा मायक्रोआरएनए (इतर जनुकांचं काम आवरणारा छोटा आरएनए) वाढतो. ऑक्सिजन परत मिळाला की हिफ काही मिनिटांत नष्ट होतं, मायआर-२१० मात्र बराच काळ टिकतो. म्हणून दोन्हींसाठी पेशींच्या प्लेट वेगळ्या ठेवा. हिफची ऑक्सिजन कमी केल्यापासून ४ ते ६ तासांनी उचला, मायआर-२१० ची २४ ते ४८ तासांनी.

उंदराच्या एमसी३टी३-ई१ पेशी (हाड बनवणाऱ्या पेशींचा प्रयोगशाळेतला वाण) १० टक्के सीरम घातलेल्या अल्फा-एमईएम या पोषक द्रवात, म्हणजे मीडियात, वाढवा. प्लेट भरत आल्या की पेशींनी खनिज साचवावं म्हणून ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड आणि १० मिलिमोलर बीटा-ग्लिसरोफॉस्फेट घाला. प्लेट ठेवायच्या कमी ऑक्सिजनच्या बंद चेंबरमध्ये १ टक्का ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि बाकी नायट्रोजन ठेवा. घालायचा मीडिया रात्रभर त्याच चेंबरमध्ये उघडा ठेवा. थेट बाहेरचा ओतला, तर त्यात विरघळलेला ऑक्सिजन निघून जायला तास लागतात आणि पहिल्या काही तासांचे आकडे फसवे निघतात.

हिफची प्लेट बाहेर काढून मग मीडिया ओतून धुत बसू नका. लायसिस बफर (पेशी फोडणारा द्रव) चेंबरच्या आतच घाला; ते जमत नसेल तर बाहेर काढताक्षणी प्लेट बर्फावर ठेवून लगेच घाला. वेस्टर्न ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रथिन ओळखायच्या चाचणीत) हिफचा पट्टा ११० ते १२० किलोडाल्टनच्या आसपास दिसतो. तो पुसट असेल, तर अँटिबॉडी बदलण्याआधी ही हाताळणी तपासा. कोबाल्ट क्लोराइडने हिफ वाढतं, पण ऑक्सिजन खरोखर घटत नाही. त्याचा वापर पॉझिटिव्ह कंट्रोलपुरताच, म्हणजे चाचणी हिफ पकडते का हे बघण्यापुरताच, ठेवा.

मायआर-२१० साठी आरएनए काढताना साध्या गाळणी-कॉलममधून छोटे रेणू वाहून जातात. छोट्या आरएनएसाठी बनवलेला किट घ्या आणि त्यात सांगितलंय तेवढं इथेनॉल पुरेपूर घाला. मोजणी स्टेम-लूप प्रायमरने (छोट्या आरएनएची पीसीआरसाठी प्रत काढणारा वळसेदार तुकडा), तुलना यू६ या पेशीतल्या दुसऱ्या छोट्या आरएनएशी. कमी ऑक्सिजनमध्ये यू६ स्वतः स्थिर राहतो का, हेही बघून घ्या.

साचलेलं खनिज दाखवणाऱ्या अलिझारिनचा लाल रंग फिका आला, तर दोष लगेच मायआर-२१० ला देऊ नका. कमी ऑक्सिजनमध्ये लॅक्टिक अ‍ॅसिड साचतं, आणि पीएच ६.९ च्या आसपास उतरला की खनिज साचणं जवळपास थांबतं. शिवाय कोलॅजेनच्या प्रोलीनवर हायड्रॉक्सिल चढवणाऱ्या एन्झाइमलाही ऑक्सिजन लागतो. पीएच रोज मोजा, मीडिया वेळेवर बदला, आणि मायआर-२१० चा अवरोधक दिलेली एक प्लेट व तुलनेसाठी भलताच क्रम असलेला (मायआर-२१० ला न अडवणारा) अवरोधक दिलेली दुसरी प्लेट सोबत लावा. पहिलीत खनिज पूर्ववत होत नसेल, तर फरकाचं कारण आधी पीएच आणि कोलॅजेनमध्ये शोधा.