रममध्ये मुरवलेला केक

नाताळचा केक करायचा तर नोव्हेंबरातच फळं भिजत घाला. मी पिंपळगावकडचे बेदाणे घेते. काळे मनुके, खजूर, सुकं अंजीर, संत्र्याची साल असं मिळून ३०० ग्रॅम. सगळं बारीक चिरून काचेच्या कोरड्या बरणीत भरायचं आणि १५० मिली डार्क रम ओतायची. दोन दिवसाआड बरणी हलवायची. बेदाणा टम्म फुगला, दाबल्यावर रस सुटला की समजा मुरला. काजू-अक्रोड मात्र भिजवू नका, मऊ पडतात. ते हलके भाजून ऐनवेळी घाला.

१५० ग्रॅम लोणी आणि तेवढीच ब्राउन शुगर फेसून घ्या. तीन अंडी एकेक करून घाला. नाशिकच्या थंडीत फ्रीजमधली अंडी थेट घातली तर मिश्रण फाटतं, म्हणून आधी तासभर बाहेर काढून ठेवा. मग १८० ग्रॅम मैदा, चमचाभर बेकिंग पावडर, दालचिनी-जायफळ. फळं निथळून, थोड्या मैद्यात घोळवून घाला, म्हणजे तळाशी बसत नाहीत. उरलेली रम जपून ठेवा.

सात इंची डब्याला दुहेरी कागद लावून १५० अंशांवर साधारण दीड तास. घाई नको, मंद आचेवरच तो आतपर्यंत शिजतो. सुरी स्वच्छ निघाली की गरम केकवर उरलेली रम चमच्याने सोडा. गार झाल्यावर बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट डब्यात ठेवा, आठवडाभर तरी कापू नका. भाजूनही दारूचा अंश राहतोच, त्यामुळे मुलांसाठी संत्र्याच्या रसात फळं भिजवून वेगळा केक करा.