मेल्यानंतर काय, हे तुम्हाला कुणी सांगितलं? घरच्या घरी शोधायची एक रीत

मी नऊ वर्षांची असताना वाईच्या घरी आजोबा गेले. जीव गेला त्या जागी दिवा तेवत ठेवला होता. एका रात्री आजीने दिव्याभोवती तांदळाचं पीठ चाळून पसरलं आणि वर बुट्टी पालथी घातली. सकाळी बुट्टी उचलली, तर पिठात तीन रेघांचा ठसा. "पाखराचा जन्म मिळाला त्यांना," आजी म्हणाली आणि तिने पदराने डोळे पुसले. पुढे कित्येक वर्षं मी वाळवणावरची चिमणी हाकलली नाही.

माझा पुनर्जन्मावरचा विश्वास त्या पिठातून आला. गीता नंतर वाचली, कीर्तनं नंतर ऐकली. हे माझ्या लक्षात आलं ते माझे वडील, आण्णा, गेल्यावर, पन्नाशी उलटल्यावर. तेव्हा मी एक दोनशे पानी वही आणली आणि घरातल्या एकेकाला विचारत गेले. आपण वंशावळ जपून ठेवतो, पण घरातली माणसं मरणाबद्दल काय मानत होती आणि का मानत होती, हे कुणी लिहून ठेवत नाही. तुम्हाला लिहायचं असेल, तर मी कसं केलं ते सांगते.

सुतकात विचारू नका. तेव्हा माणूस बोलतो ते दुःख असतं, त्याला मत समजू नये. वर्षश्राद्ध होऊन जाऊ द्या. मग एखाद्या दुपारी भाजी निवडताना किंवा शेंगा सोलताना विषय काढा. हात कामात असले की बोलणं सुटतं. मोबाइलवर आवाज धरून ठेवायचा असेल तर आधी परवानगी घ्या. मी फक्त वहीच वापरली, कारण मोबाइल समोर ठेवला की आत्या प्रवचन दिल्यासारखं बोलायला लागायची.

"तुझा आत्म्यावर विश्वास आहे का?" असं कधीच विचारू नका. परीक्षेतल्यासारखं उत्तर मिळतं. "तू पाहिलेलं पहिलं मरण कुणाचं? तेव्हा तुला काय सांगितलं?" असं विचारा. देवाघरी गेले, चांदणी झाले, गावाला गेले, यांतलं जे वाक्य त्या लहान मुलाच्या वाट्याला आलं, तिथून पुढचं सगळं उलगडतं. माझ्या चुलत बहिणीला "गावाला गेली" असं सांगितलं होतं. ती वर्षभर एसटी स्टँडकडे बघत बसायची. कोणी काही सांगितलं की अजूनही तिला आधी शंकाच येते.

त्यानंतर कावळ्याचं विचारा. यावर वेळ घालवा, कारण आपल्याकडे श्रद्धा जितकी दहाव्याच्या दिवशी घाटावर घडते तितकी दुसरीकडे कुठे घडत नसावी. आण्णांच्या पिंडाला तासभर कावळा शिवत नव्हता. शेवटी दादा पुढे झाला. "आण्णा, आईला मी अंतर देणार नाही," असं म्हणून हात जोडून तो मागे सरला, आणि कावळा आला. त्या क्षणी कृष्णेच्या काठावर आमच्यातल्या एकाच्याही मनात शंका नव्हती.

वहीत मात्र दोन्ही बाजू उतरवा. कावळा लगेच शिवला त्या वेळा लिहा, तशा आलाच नाही त्याही लिहा. आमच्या घरातल्या ज्या सात दशक्रिया कुणाला तरी आठवत होत्या, त्यांपैकी दोनदा शेवटी दर्भाचा कावळा करून शिववावा लागला होता. या दोन गोष्टी मी विचारेपर्यंत कुणीच काढल्या नव्हत्या. कबुलीनंतर कावळा आल्याची गोष्ट मात्र प्रत्येक लग्नकार्यात निघते. आणखी एक गोष्ट घाटावर उभं राहून मी पाहिली आहे. कबुली देईपर्यंत सगळे पिंडाभोवती गर्दी करून बोलत असतात. कबुली दिली की हात जोडून मागे सरतात, गप्प उभे राहतात. माणसांची गर्दी हटली की कावळ्याला उतरायला जागा होते. हे मी दादाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. त्याने आईला खरोखरच अंतर दिलं नाही, आणि त्याची सुरुवात त्या कावळ्यापासून झाली. श्रद्धा कुठून आली हे शोधणं वेगळं आणि ती खरी की खोटी हे ठरवणं वेगळं. दुसरं काम या वहीत करू नका.

एकच प्रश्न दोन ठिकाणी विचारा. मादागास्करमधल्या वेझो लोकांत रीटा अस्तुती आणि पॉल हॅरिस या संशोधकांनी असं केलं होतं. त्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. दवाखान्यातल्या मरणाची गोष्ट सांगून विचारलं तर जास्त लोक म्हणत, आता काही उरलं नाही. पूर्वजांच्या विधीची गोष्ट सांगून विचारलं तर मेलेल्याचं मन अजून जागं आहे म्हणणारे वाढत. आमच्या आत्याचं अगदी हेच. काका गेले तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात ती मला म्हणाली, "संपलं गं सगळं." सर्वपित्रीला तीच आत्या खीर, वडे, अळूची भाजी आणि आमसुलाची चटणी वाढून पान गच्चीवर ठेवते आणि म्हणते, "लवकर न्या, ते वाट बघत असतील." ती दोन्ही ठिकाणी मनापासून बोलत होती. वहीत दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहा, मधे "पण" घालू नका.

शंकेची मुळं शोधताना अधिक हळुवार व्हा. लोक समजतात की शंका शिक्षणाने येते, विज्ञानाने येते. येत असेल. मला मात्र ती बहुतेक वेळा एखाद्या जखमेखाली सापडली. मामाची मुलगी दीड वर्षाची असताना गेली. इतक्या लहान मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात. पिंडही नसतो. मामाने गुरुजींना विचारलं, "मग ती कुठल्या वाटेने गेली?" उत्तर मिळालं ते विधीचं होतं, मुलीचं नव्हतं. तेव्हापासून मामा श्राद्धाला बसलेला नाही.

काहींच्या घरी शंका वारशाने येते, आणि अभिमानाने. आमच्या शेजारच्या ताईंचे वडील १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षाभूमीवर होते. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ताईंकडे मरणानंतर पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्याच्या स्मरणार्थ बौद्ध पद्धतीचा विधी होतो. "कावळ्याची वाट बघायला आम्ही घाटावर गेलोच नाही," त्या म्हणाल्या, आणि मला कळलं की माझ्या प्रश्नांची यादीच एका घरापुरती होती. तुमची यादी प्रत्येक घराप्रमाणे बदला.

घरातली वाक्यं पोथीपर्यंत नेऊन बघा. यात फार आनंद आहे. आजीचं "जुनं लुगडं टाकावं तसं" हे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं, बाविसाव्या श्लोकातलं. वैतरणीची भीती गरुडपुराणातली. तेराव्यापर्यंत संध्याकाळी ते वाचलं जायचं आणि आम्ही मुलं उंबऱ्यात बसून ऐकायचो. मामाचं "मेलेला काय जेवणार?" हे वाल्मीकी रामायणाच्या अयोध्याकांडात जाबाली नावाचा ब्राह्मण रामाला जवळजवळ याच शब्दांत विचारतो. मामाने ते वाचलेलं नव्हतं. मी दाखवलं तेव्हा तो बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला. कठोपनिषदात तर नचिकेता यमाच्याच दारात हेच विचारतो: माणूस मेल्यावर कोणी म्हणतात तो आहे, कोणी म्हणतात नाही, तर खरं काय? यम आधी टाळतो. देवांनाही पूर्वी यात शंका होती, दुसरा वर माग, म्हणतो.

सगळ्यात शेवटी अनुभव विचारा. "भास" हा शब्द तोंडातून काढू नका. "नंतर कधी जवळ असल्यासारखं वाटलं का?" एवढंच विचारा आणि थांबा. वेल्समधले डॉक्टर डेवी रीस यांनी २९३ विधवा-विधुरांना असं विचारलं होतं. १९७१ मध्ये त्यांनी लिहिलं की जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराची चाहूल लागली होती आणि बहुतेकांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. आईनेही सांगितलं नव्हतं. रोज चारच्या सुमारास तिला आण्णांचा अडकित्ता ऐकू यायचा. तीन वर्षं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला वाटलं असतं, माझं डोकं फिरलं."

लिहून झालं की ज्याचं त्याला वाचून दाखवा. लोक शब्द बदलायला सांगतात, ते बदला. मामाने सगळं ऐकून घेतलं. बदल काहीच सुचवला नाही. फक्त म्हणाला, "मुलगी असं नुसतं नको. तिचं नाव लिही."

वहीत आता नाव आहे.