टेक्श्चर्ड पॉलिएस्टर सूत : हीटरच्या तापमानाची चाचणी कशी घ्यावी

पुण्याजवळ भोसरीतील एका कारखान्यात निळ्या निटेड कापडावर रंगाईनंतर बारीक गडद आडवे पट्टे उमटले होते. सर्वांनी रंगाईकडे बोट दाखवले; पण पट्ट्यातला एक आणि शेजारचा एक धागा उसवून भिंगाखाली ठेवला, तेव्हा पट्ट्यातल्या धाग्याचा कुरळेपणा उघडउघड कमी दिसला. दोष सूत टेक्श्चर करणाऱ्या, म्हणजे सरळ धाग्याला कुरळे व फुगीर करणाऱ्या यंत्राच्या एकाच पोझिशनवरील (एका धाग्याच्या जागेवरील) हीटरचा निघाला. हे सूत विणकरापर्यंत पोहोचायलाच नको होते, म्हणून तापमानाच्या चाचणीची पद्धत येथे मांडत आहे.

पॉलिएस्टर साधारण 70 ते 80 अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागते आणि 255 ते 260 अंशांच्या आसपास वितळते. धागा पिळलेला आणि ताणलेला असतानाच यंत्रातला पहिला हीटर त्याचा क्रिम्प (कुरळेपणा) पक्का करतो. धागा ज्याच्या पृष्ठभागाला टेकून जातो अशा नेहमीच्या हीटरवर हे तापमान बहुधा 180 ते 220 अंश ठेवतात. धाग्याला न टेकणाऱ्या आखूड हीटरचे आकडे याहून पुष्कळ जास्त असतात, त्यामुळे एका यंत्राचा आकडा दुसऱ्याला लावू नये. मिनिटाला 600 मीटर वेगाने धावणारा धागा दोन मीटर लांबीच्या हीटरवर जेमतेम 0.2 सेकंद राहतो. म्हणजे पॅनेलवर दिसते ते हीटरचे तापमान असते, धाग्याचे नव्हे, आणि वेग किंवा डेनियर (9000 मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन, म्हणजे जाडी) वाढला की तोच आकडा अपुरा पडतो.

चाचणीसाठी 250 डेनियरचे पीओवाय (अर्धवट ताणलेले कच्चे सूत) 1.67 ड्रॉ रेशोने, म्हणजे 1.67 पट लांब ओढून सुमारे 150 डेनियरचे सूत काढावे. वेग, ड्रॉ रेशो, धाग्याला पीळ देणाऱ्या डिस्कची गती आणि दुसरा हीटर यांना हात न लावता फक्त पहिल्या हीटरचे तापमान 180 पासून दहा-दहा अंशांनी वाढवावे. प्रत्येक बदलानंतर तापमान स्थिर होऊ द्यावे, सुरुवातीचे सूत बाजूला काढावे आणि दर वेळी त्याच पोझिशनवरून नमुने घ्यावेत.

तापमान वाढेल तसा क्रिम्प वाढतो आणि अधिक टिकतो, उकळत्या पाण्यातले आकुंचन मात्र घटते. हा फायदा एका मर्यादेपर्यंतच मिळतो. त्यापुढे फिलामेंट (धाग्यातले बारीक तंतू) एकमेकांना चिकटू लागतात, पीळ पुरता न उलगडल्याने टाइट स्पॉट (घट्ट, न फुगलेले तुकडे) येतात, ताकद घटते आणि तुटके फिलामेंट वाढतात. नमुना काळ्या पुठ्ठ्यावर गुंडाळून पाहिल्यास ही अवस्था मोजमापाआधीच डोळ्यांना कळते.

रंगाचे वागणे सरळ रेषेत नसते, आणि माझ्या मते खरी कसोटी येथेच लागते. तापमान वाढवताना रंगाचे शोषण आधी कमी होत जाते, एका नीचांकाला पोहोचते आणि मग पुन्हा वाढते, कारण अतिउष्णतेत स्फटिक मोठे होतात आणि त्यांच्यामधली अस्फटिक जागा रंगाला अधिक मोकळी होते. या नीचांकाजवळ दोन-चार अंशांच्या फरकाने छटा फारशी हलत नाही. चढ-उताराच्या बाजूवर मात्र तेवढाच फरक पट्टा पाडतो. म्हणून नीचांकाच्या आसपास पाच-पाच अंशांनी पुन्हा नमुने घ्यावेत. सर्व नमुन्यांची मोज्याच्या यंत्रावर एकच सलग नळी विणावी आणि मोठ्या रेणूच्या निळ्या डिस्पर्स रंगाने (पॉलिएस्टरसाठीचा रंग), 130 अंशांऐवजी उकळीच्या तापमानाला रंगवावी. जास्त तापमानाला फरक झाकला जातो. उकळीला तो लपत नाही.

दुसरा हीटर पीळ उलगडलेल्या सुताला सेट, म्हणजे स्थिर करतो. तो तापवला की सुताची ताणण्याची क्षमता आणि आकुंचन दोन्ही कमी होतात, पण फुगीरपणाही काहीसा कमी होतो. आसनाच्या कापडाला असे सूत मानवते. ताणदार कपड्यासाठी हा हीटर बंदच ठेवतात.

पहिल्या हीटरचा आकडा ठरल्यावर सर्व पोझिशनचे सूत असेच एका नळीत विणून रंगवावे. एखादा पट्टा गडद दिसला तर पूर्ण यंत्राचे तापमान वाढवू नये. आधी त्या पोझिशनच्या हीटरची खाच पाहावी: स्पिन फिनिशचा (धाग्यावर लावलेल्या तेलाचा) जळका तपकिरी थर उष्णता धाग्यापर्यंत पोहोचू देत नाही. भोसरीच्या त्या सुताच्या हीटरवर हाच थर सापडला. खाच साफ करून त्याच पोझिशनची नळी पुन्हा रंगवावी आणि छटा शेजारच्या पोझिशनशी जुळल्यावरच तिचे सूत पॅकिंगला सोडावे.