भ्रंशातलं पाणी तापलं की घर्षण किती उतरतं: कागदावरचा हिशोब

भूकंपात भ्रंशाच्या, म्हणजे खडकातल्या सरकत्या भेगेच्या, दोन बाजू सेकंदाला मीटरभर वेगाने घासतात. छिद्रांतलं पाणी तापतं, फुगायला जागा नसल्याने दाब चढतो आणि घर्षणाची पकड सुटते. कोयनेशी गल्लत नको. तिथे जलाशयाच्या पाण्याचा दाब हळूहळू खाली पोचतो. इथे सगळं सेकंदांत उरकतं.

उदाहरणाला तैवानचा चिची भूकंप घेऊ (21 सप्टेंबर 1999, 7.6). नंतर तो जिथे घडला त्या चेलुंगपू भ्रंशात खोदलेल्या विवरात (खोल बोअरमध्ये) 1111 मीटरवर मुख्य घसरपट्टा सापडला, जाडी जेमतेम 2 सेंमी. घसरण 8 मीटर धरा.

आधी खडकाच्या भारातून पाण्याचा दाब वजा करा: (खडकाची घनता 2600 − पाण्याची 1000) × 9.8 × 1111, म्हणजे 17.4 मेगापास्कल. घर्षणांक 0.6 धरला तर विरोध 10.5. तो शेवटपर्यंत टिकला तर 8 मीटरमध्ये दर चौरस मीटरला 84 मेगाज्यूल उष्णता. एक घनमीटर खडक अंशभर तापायला 2.7 मेगाज्यूल लागतात, म्हणजे पट्टा साडेपंधराशे अंशांनी तापायला हवा.

आता पाणी कोंडलेलं धरा. दाब अंशामागे 0.1 ते 1 मेगापास्कल चढतो, 0.3 घेऊ. विरोध 37 टक्क्यांवर (1/e, घातांकी उताराचं नेहमीचं माप) यायला लागणारी घसरण, म्हणजे खडकाची उष्णता × जाडी ÷ (घर्षणांक × अंशामागचा दाब):

2.7 × 0.02 ÷ (0.6 × 0.3) = 0.3 मीटर

पहिल्या फूटभरातच काम झालं! तापमानवाढही 17.4 ÷ 0.3, म्हणजे 58 अंशांच्या पुढे जात नाही.

हिशोब हमखास चुकतो तो जाडीत. चुरा झालेला मीटरभर भाग घेतलात तर 0.3 चे 15 मीटर होतात आणि परिणामच दिसेनासा होतो. दुसरी जागा गळतीची. दाबाचा विसरणांक (दाब किती झपाट्याने पसरतो त्याचं माप) सेकंदाला 0.01 चौरस मीटर असेल तर सेकंदात दाब 20 सेंमीपर्यंत पसरतो, पट्ट्याच्या दहापट. मग पाणी कोंडलेलं धरता येत नाही. शिवाय घट्ट चुरा सरकताना सैल होतो आणि दाब थोडा उतरतो.

पडताळा उष्णतेने घ्या. 84 मेगाज्यूल निर्माण झाले असते तर सहा वर्षांनी विवरात सुमारे 0.6 अंशांची वाढ उरायला हवी होती, पूर्ण कोंडलेल्या पाण्याच्या हिशोबाने (10.5 × 0.3 = 3.15 मेगाज्यूल) 0.02. मोजलं गेलं 0.06. म्हणजे घर्षण खरंच कोसळलं होतं, थोडी गळती धरूनही.

हादऱ्यांचा अंदाज बांधताना घसरण जास्त म्हणून थरथर जास्त असं धरू नका. चिचीत उत्तरेला घसरण मोठी, पण हालचाल संथ, लांब आवर्तनांची; दक्षिणेला घसरण कमी आणि झटके तीव्र. तापलेलं पाणी हे त्याचं एक स्पष्टीकरण आहे. अशा भ्रंशाजवळ केवळ कमाल त्वरण पाहून भागत नाही. उंच इमारती आणि पुलांसाठी वेग आणि विस्थापनही तपासा.