जहाजाच्या मॉडेलसाठी पितळेचे बारके पार्ट घरी कसे कापायचे

आपण सुकाणूची बिजागरी घेऊ, ती जमली की बाकी पार्ट जमतातच. माझं सध्या ट्रिंकोमालीचं काम चालू आहे, मुंबईत 1817 साली सागवानात बांधलेलं जहाज, स्केल 1:64, म्हणजे मूळची तीन इंची पट्टी इथे जेमतेम 1.2 मिलीमीटरची होते. एवढ्या बारीक कामाला पत्र्याची कात्री लावूच नका, कड मुडपते आणि मग कितीही ठोका, सरळ होत नाही.

सामान इंदूरमध्येच मिळतं. 0.4 मिलीमीटरचा पितळी पत्रा कसेरा बाजाराकडे विचारा, सोनारी करवत आणि 6/0 नंबरची पाती सराफ्याच्या आसपास. फक्त दिवसा जा, रात्री सराफ्यात खाऊगल्ली भरते, तेव्हा गेलात तर भुट्ट्याचा कीस खाऊन परत याल.

क्रम लक्षात ठेवा, आधी भोकं, मग कापणं, मग कानस, मग तापवणं, वाकवणं आणि शेवटी सोल्डर. कापलेल्या पट्टीला भोक पाडायला गेलात तर ती ड्रिलबरोबर गरगर फिरते, म्हणून पत्रा मोठा आहे तोवरच भोकं उरका.

आता खरी गंमत कापण्यात आहे. पत्र्याच्या जाडीत पात्याचे निदान तीन दात बसायला हवेत, नाहीतर दात अडकतो आणि पातं तुटतं. 0.4 मध्ये 6/0 चा जेमतेम एकच दात बसतो. म्हणून तीन पत्रे फेविक्विकने एकावर एक चिकटवायचे, वर ड्रॉइंगचा कागद डकवायचा आणि एकदमच भोकं पाडून कापायचं, पातंही टिकतं आणि तीन बिजागऱ्या अगदी सारख्या निघतात. पात्याचे दात खाली, मुठीकडे, आणि पातं एवढं ताणलेलं की टिचकी मारल्यावर टणकन वाजलं पाहिजे. टेबलाच्या कडेला व्ही आकाराची खाच पाडलेला प्लायवूडचा तुकडा क्लॅम्प करा, त्यावर पत्रा दाबून धरा, करवत उभी ठेवा, पात्याला थोडं मेण लावा. जोर लावायचा नाही, करवतीच्या वजनाने कापत जाईल तेवढंच. रेषेच्या किंचित बाहेरून कापा, उरलेलं निडल कानशीने काढा, तीही फक्त पुढे ढकलताना दाबायची.

पत्रे सुटे करायला अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवा. तापवून सोडवू नका, त्या गोंदाचा धूर डोळ्यांना फार झोंबतो.

बाजारातला पत्रा कडक असतो, कापायला ते छानच पण वाकवताना तडकतो. पट्टी विटेवर ठेवून छोट्या टॉर्चने तापवा, खिडकी उघडी पण उजेड कमी, कारण भर उजेडात लाली कळत नाही आणि पितळ 900 डिग्रीच्या थोडं वर गेलं की वितळतं. मंद लाल झाली की बास! गार झाल्यावर सुकाणूच्या जाडीच्या पट्टीवर यू आकारात वाकवा. परत परत वाकवलीत तर पुन्हा कडक होते, मग पुन्हा तापवा.

यूच्या मधोमध बारीक ट्यूबचा तुकडा फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा पदार्थ) लावून सोल्डर करा, नंतर गरम साबणपाण्याने धुवा, फ्लक्स राहिला तर हिरवं पडतं.

बरेच जण शेवटी सगळं पितळ काळं करतात. तोफांच्या गाड्यांवरच्या लोखंडी पट्ट्यांना ते ठीक, पण तांब्याचा पत्रा मढवलेल्या जहाजाला पाण्याखालच्या बिजागऱ्या लोखंडाच्या नसायच्या, तांब्याशेजारी खाऱ्या पाण्यात लोखंड सडतं म्हणून त्या तांब्याच्या मिश्रधातूच्या करायचे. तेव्हा या तशाच पिवळ्या ठेवा, वरून पातळ लॅकरचा एक हात पुरे.