मारहाण करणाऱ्या पुरुषांसाठी गट चालवताना

पत्नीला मारहाण करणाऱ्या पुरुषांसोबत पुण्यात काम सुरू करू पाहणाऱ्या संस्थेने पहिल्या बैठकीपूर्वीच लेखी ठरवून घ्यावे की, हा गट मोडता संसार सांधण्यासाठी नसून स्त्रीच्या सुरक्षिततेसाठी आहे. तिच्या संपर्कात राहणारी कार्यकर्ती वेगळी असावी आणि ‘तो आता समुपदेशनाला जातो, तू नांदायला ये’ असे दडपण आणण्यासाठी त्याच्या हजेरीचा वापर नातेवाइकांना करू देऊ नये.

पुरुष आपणहून क्वचितच येतात. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 14 नुसार न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. त्याशिवाय संरक्षण अधिकारी (याच कायद्याखाली पीडित स्त्रीला मदत करण्यासाठी नेमलेले सरकारी अधिकारी), पोलिसांचा भरोसा सेल (स्त्रिया व मुलांच्या तक्रारींसाठीचा कक्ष) आणि व्यसनमुक्ती केंद्रे यांच्याशी आधीच बोलून ठेवावे.

गटात घेण्यापूर्वी प्रत्येकाची स्वतंत्र मुलाखत घ्यावी. गळा दाबला होता का, हत्यार उगारले होते का, गरोदरपणात मारले होते का, जिवे मारण्याची किंवा आत्महत्येची धमकी दिली होती का, याची माहिती तिच्या संमतीने तिच्याकडून घ्यावी. मात्र तिने काय सांगितले हे त्याच्या कानावर कदापि जाता कामा नये. जोडप्याला एकत्र बसवणे मला धोक्याचे वाटते, कारण तिथे ती जे बोलेल त्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागू शकते.

हिंसेचे समर्थन समुपदेशनात चालणार नाही, हे पुरुषाला सुरुवातीलाच सांगावे, असे या कायद्याच्या 2006 च्या नियमांतही म्हटले आहे. तरीही ‘तिने उलट उत्तर दिले म्हणून राग अनावर झाला’ हे वाक्य गटात येतेच. तेव्हा उपदेश न करता शेवटचा प्रसंग क्रमाने विचारावा : दाराची कडी आधी कोणी लावली, तिच्या हातातला मोबाईल कोणी काढून घेतला, मूल कुठे उभे होते? कडी लावण्याइतके भान असलेल्या माणसाला आपला राग अनावर होता असे म्हणणे मग अवघड जाते. चाकणच्या कारखान्यात सुपरवायझर चारचौघांत अपमान करतो तेव्हा हाच हात खाली कसा राहतो, हेही विचारावे. दारूने हिंसा वाढते हे खरे, पण केवळ दारू सोडवून धाक आणि हुकूमत संपत नाही. म्हणून पगार कोणाच्या हातात राहतो, तिला माहेरी जायला परवानगी का लागते, या गोष्टीही चर्चेत याव्यात.

अमेरिकेतील डुलुथ शहरात 1981 मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमाचा भरही याच हुकूमतीवर होता आणि पोलीस, न्यायालय व स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्था यांची त्याला जोड होती. अशा गटांचा परिणाम अनेक अभ्यासांत मर्यादितच आढळला आहे, त्यामुळे ‘तो सुधारेल’ असा शब्द तिला देऊ नये. प्रमाणपत्रात केवळ हजेरी नोंदवावी, आणि तो मध्येच येईनासा झाला तर कार्यकर्तीने त्याच दिवशी सुरक्षित मार्गाने तिला कळवून 181 (महिला हेल्पलाइन) आणि 112 (आपत्कालीन मदत) हे क्रमांक तिच्याजवळ असल्याची खात्री करावी.