पात्राच्या नाण्यांचा आणि सामानाचा हिशोब
डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक साहसवीराची भूमिका, म्हणजेच पात्र, वठवतो. त्याच्या पाचव्या आवृत्तीत सोन्याच्या एका नाण्याची चांदीची १० किंवा तांब्याची १०० नाणी होतात. म्हणून पात्राच्या कागदावर सारी रोकड सोन्यातच लिहावी आणि सुटे पैसे दशांशात दाखवावेत.

वजनाकडे मात्र डोळेझाक करू नये. ताकदीचा आकडा गुणिले १५ इतके पौंड ही पात्राची वाहून नेण्याची मर्यादा असते आणि ५० नाण्यांचे वजन एक पौंड धरतात. त्यामुळे ताकद १० असलेल्या जादूगाराने गुहेत सापडलेली तांब्याची ५,००० नाणी उचलली, तर त्याच्या १५० पौंडांपैकी १०० पौंड तिथेच संपतात आणि पदरात पडतात जेमतेम सोन्याच्या ५० नाण्यांइतके पैसे. अशा वेळी तांबे सोडून रत्ने घ्यावीत, कारण रत्ने पूर्ण किमतीला खपतात, तर शस्त्रे आणि चिलखते सुस्थितीत असली तरी सहसा निम्म्या भावानेच विकली जातात.

बाणांची नोंद लढाई चालू असतानाच, सुटलेल्या प्रत्येक बाणामागे एक रेघ ओढून ठेवावी. लढाईनंतर मिनिटभर शोधाशोध केल्यास त्यांतले निम्मे परत मिळतात. गटाच्या सामायिक थैलीचा हिशोब एकाच खेळाडूकडे द्यावा (तो शक्यतो चोराचे पात्र खेळणारा नसावा) आणि औषधी काढे, दोरखंड, सरायीचे भाडे हा खर्च वाटणीपूर्वीच तिच्यातून वळता करावा.